येण्याआधी मोजलेला बुश

१

सोमवारी सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी कस्टमरची मेल आली. तीनच ओळी होत्या.

"तुमच्या तपासणी अहवालानुसार हा बुश ३ फेब्रुवारीला मोजला गेला. तुमच्याच स्टोअरच्या नोंदीनुसार तो ९ फेब्रुवारीला तुमच्याकडे आला. शुक्रवारी संध्याकाळपर्यंत खुलासा करावा."

सोबत दोन कागदांचे फोटो होते. अहवालाच्या तळाशी तारीख होती 03-02 आणि तिच्या शेजारी गोल शिक्का, मध्ये १७. स्टोअरच्या नोंदीत तारीख होती 09-02.

आमची कंपनी सोलापूर रस्त्यावर आहे, लोणी काळभोरच्या अलीकडे. विमानाच्या सामान ठेवण्याच्या कप्प्याला जे दार असतं, त्याच्या बिजागरीचं ब्रॅकेट आम्ही बनवतो. ब्रॅकेटच्या भोकात एक बुश दाबून बसवतात. बुश म्हणजे अंगठीसारखा, पितळी रंगाचा धातूचा तुकडा. त्यात दाराची पिन फिरते. ब्रॅकेट आमचं, बुश विकतचा. तोही आपल्या मनाने विकत घ्यायचा नाही. कस्टमरने ड्रॉइंगवरच लिहून दिलं आहे: या नंबरचा बुश, बंगळूरच्या याच कंपनीकडून.

असा माल पहिल्यांदा आला की त्यातला एक नग काढून ड्रॉइंगवरचं प्रत्येक माप घ्यायचं. या बुशाला चौदा मापं आहेत. चौदा आकडे, खाली तारीख, तपासनिसाचा शिक्का. मग तो नग पिशवीत सील करून कपाटात ठेवायचा. याला पहिल्या नगाची तपासणी म्हणतात.

म्हणजे आमच्या कागदांप्रमाणे, जो बुश अजून आलाच नव्हता तो सहा दिवस आधी चौदा ठिकाणी मोजला गेला होता.

"सतरा नंबर कोणाचा?" जयसिंग सरांनी विचारलं. ते क्वालिटीचे प्रमुख. सतरा नंबर कोणाचा हे त्यांना माहीत होतं.

उत्तरेश्वर काकांनी खिशातून शिक्का काढून टेबलावर ठेवला. ते बार्शीकडचे, वय सत्तावन्न. एकतीस वर्षं तपासणीत. सप्टेंबरमध्ये निवृत्त होणार.

"माल आल्यावरच मोजला, साहेब," ते म्हणाले.

"कधी आला?"

"तारीख ध्यानात नाही."

"कंप्युटरच्या आहे. नऊ."

सरांनी शिक्का उचलला, ड्रॉवरमध्ये टाकला आणि किल्ली फिरवली. खोलीत आम्ही पाच जण होतो. कोणी मान वर केली नाही.

मीही नाही. माझं नाव ऋतुजा. फिजिक्समध्ये एम.एस्सी. केलं आहे. आई डिसेंबरमध्ये गेली आणि जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात मी इथे लागले. पहिला महिना सगळ्या खात्यांत थोडं थोडं बसवलं: असेंब्ली, स्टोअर, कागदपत्रं. मग तपासणीत काकांच्या हाताखाली. तेव्हापासून काही घडलं की मी ते नोंदवते आणि त्याबद्दल जे वाटायचं ते मागाहून वाटेल असं धरून चालते. अजून वाटलेलं नाही.

"तुम्ही खुलासा लिहा," सर मला म्हणाले. "कारण: तपासनिसाने नग न मोजता अहवाल भरला. उपाय: तपासनिसाला कामावरून दूर केलं. कस्टमरला असं उत्तर समजतं."

"सर, आधी तपासायला हवं."

"काय?"

"न मोजता भरला का ते."

सरांनी घड्याळ बघितलं. "शुक्रवारी दुपारी बारापर्यंत तपासा. विज्ञानाला तेवढा वेळ पुरावा."

२

मंगळवारी मी कपाट उघडलं. पिशवी होती. सील होतं. सीलवर काकांची सही होती. जयसिंग सरांची परवानगी लेखी घेऊन मी ते फोडलं.

तपासणीची खोली वीस अंशांवर ठेवतात. बुश दोन तास तिथे ठेवला, मग हातमोजे घालून मोजायला बसले.

कंपनीतल्या माझ्या पहिल्याच दिवशी काकांनी मला दोन गोष्टी शिकवल्या होत्या. एक, मायक्रोमीटरचं रॅचेट, म्हणजे त्याच्या टोकाची फिरकी, तीनदा कट्‌कट् वाजलं की थांबायचं. त्यापुढे कितीही फिरवलं तरी दाब वाढत नाही. दुसरी, तारखेत एकच आकडा असेल तर पुढे शून्य लावायचं. "नाहीतर कोणीतरी शून्याच्या जागी आपल्या सोयीचा आकडा घालतो," ते म्हणाले होते. नव्याने येणाऱ्या प्रत्येकाला ते हे सांगतात. रॅचेटचं सगळे पाळतात. शून्याचं मी एकटी.

चौदा मापं घ्यायला दीड तास लागला. माझे आकडे आणि काकांचे आकडे शेजारी शेजारी लिहिले. तेरा मापांत फरक नव्हता. एकात मिलिमीटरच्या हजाराव्या भागाचा होता. शिवाय सातव्या मापाशेजारी काकांनी "कडेला बारीक ओरखडा" असं लिहिलं होतं. भिंगाखाली धरल्यावर तो ओरखडा दिसला.

न मोजता भरलेल्या अहवालात ओरखडा येत नाही. म्हणजे काकांनी मोजला होता, आणि हाच नग मोजला होता.

मग कधी मोजला? नऊ तारखेनंतर मोजून मागची तारीख टाकली असेल का?

अहवालात बाहेरच्या व्यासापुढे उपकरणाचा नंबर होता: मायक्रोमीटर सहा. दर वर्षी उपकरणं तपासून आणायला बाहेरच्या प्रयोगशाळेत पाठवतात. मी त्याचं रजिस्टर काढलं. मायक्रोमीटर सहा ६ फेब्रुवारीला गेला आणि २० फेब्रुवारीला परत आला. अहवाल कस्टमरला गेला १४ फेब्रुवारीला.

सहा ते चौदाच्या दरम्यान तो मायक्रोमीटर इमारतीतच नव्हता. म्हणजे हा बुश सहा तारखेच्या आधी मोजला गेला. आणि कंप्युटरप्रमाणे तो नऊला आला.

मी हे काकांना दाखवलं. शिक्का नसल्यामुळे त्यांना तपासणी करता येत नव्हती, म्हणून ते जुन्या ड्रॉइंगच्या घड्या घालत बसले होते. त्यांनी माझा कागद पूर्ण वाचला.

"नीट मोजलंस," म्हणाले.

"काका, कधी आला होता माल?"

त्यांनी एक घडी उलगडून परत घातली. "मला विचारू नकोस. कागदाला विचार."

सोमवारी त्यांना तारीख आठवत नव्हती. आज आठवत नाही असं ते म्हणाले नाहीत. हा फरक मी लिहून ठेवला.

३

बुधवारी मी विक्रमकडे गेले. तो खरेदी बघतो. वय तेहतीस, दोन फोन.

"या, शास्त्रज्ञ," तो म्हणाला. "माल येण्याआधी कसा मोजतात, सापडला फॉर्म्युला?"

"फेब्रुवारीत तुम्ही काकांना हा बुश मोजू नका असं म्हणाला होता?"

"म्हणालोच होतो. आजही म्हणतो. दुकान कस्टमरने सांगितलं, माल कस्टमरने सांगितला. आपण पिशवी उचलून आणायची. मोजायचं कशाला? साधा स्क्रू आणतो, त्याचं सर्टिफिकेट बघतो, संपलं."

"स्क्रू बाजारातला असतो. बुशाचं ड्रॉइंग कस्टमरचं आहे."

"अगदी काकांसारखं बोलता. काका काय म्हणाले माहिती आहे? मुलीकडच्यांनी आचारी सांगितला म्हणून आपण भात चाखायचा नाही का." तो हसला. "चाखला. आता बसा. न चाखता पाठवला असता तर आज कोणी विचारलं तरी असतं का?"

ते खरं होतं. बंगळूरच्या कंपनीचं सर्टिफिकेट जोडून दिलं असतं, तर दोन तारखा कोणी शेजारी ठेवल्याच नसत्या. मोजलं म्हणून पकडले गेले.

"तुम्ही ३० आणि ३१ जानेवारीला बंगळूरला होता," मी म्हणाले.

त्याचं हसू थांबलं. "मग?"

"येताना एक बुश खिशात घालून आणला असेल. माल मागून नऊला आला असेल."

"मॅडम, मी माल लवकर आणला असता तर बँड लावून गेटमधून आलो असतो." पण त्याने एक फोन उलटा ठेवला. "मी गेलो होतो लवकर पाठवा म्हणून भांडायला. बिल २८ जानेवारीचं, आणि माल तिथेच पडून. माझ्यासमोर गाडीत चढवला, एकतीसला. दोनशे नग, सीलबंद खोका. मोजा."

मी मोजले. खोक्याच्या यादीवर दोनशे. असेंब्लीला दिलेले एकशे नव्याण्णव. कपाटात एक. सीलबंद खोक्यात दोनशे होते आणि आमच्याकडेही दोनशेच होते. विक्रमने एक वेगळा आणला असता तर दोनशे एक झाले असते. तो सुटला.

एकतीसला गाडीत चढलेला माल बंगळूरहून पुण्याला यायला नऊ दिवस लागत नाहीत. पण गाडी वाटेत कुठेही थांबू शकते. हा पुरावा नव्हता, शंका होती.

राहिली निशाताई. ती कागदपत्रं सांभाळते. अहवाल, ड्रॉइंग, आवक चिठ्ठ्या, सगळं तिच्या कपाटात. गेटवर माल आला की गार्ड एक चिठ्ठी फाडतो, ती चलनाबरोबर स्टोअरला जाते. स्टोअरमध्ये तारीख कंप्युटरवर चढवतात आणि चिठ्ठी निशाताईच्या फायलीत तारखेप्रमाणे लावतात.

"मी तारखा टाकत नाही," ती मला बघताच म्हणाली. "मी तारखा फायलीत लावते. कोणाची काय तारीख आहे त्याच्याशी मला घेणं नाही."

"बुशाची आवक चिठ्ठी बघायची आहे."

"सगळ्यांना आत्ताच बघायची आहे का? सोमवारी उत्तरेश्वर काका येऊन गेले. तीच फाईल. उभ्याने दहा मिनिटं चाळली, परत दिली, आभार मानले आणि गेले."

मी फाईल उघडली. फेब्रुवारी. आठ तारीख, तीन चिठ्ठ्या. मग दहा तारीख.

नऊची चिठ्ठी नव्हती.

४

गेटवरच्या रजिस्टरमध्ये त्याच मालाची ओळ असणार होती. ते गार्डच्या केबिनमध्ये असतं. गेल्या तीन दिवसांत कोणी तिकडे गेलं नव्हतं, कारण कंप्युटरवर तारीख होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कोथरूडहून स्कूटरवर निघाले. एक तास दहा मिनिटं लागली. रस्ता मोकळा होता, हे माझ्या लक्षात आलं. का मोकळा होता, हे आलं नाही. गेट बंद होतं. आत एकही गाडी नव्हती. केबिनबाहेर गेनबा खुर्ची टाकून बसले होते. ते लोणीचेच. आमच्याकडे दोन गार्ड आहेत, एक रतन आणि एक हे.

"काय ओ ताई, आज कशापायी?"

"कामाला."

"आज गुरुवार हाय. सुट्टी." त्यांनी मला नीट बघितलं. "बरं हाय ना?"

दर गुरुवारी आम्हाला सुट्टी असते. मला इथे तीन महिने झाले. मी विसरले होते.

"पाणी देऊ?"

"द्या. गेनबा, गुरुवारी माल आला तर काय करता?"

"घेत नाय. गेटच उघडत नाय. मागं एक डायवर लय वाद घालाय लागला. म्हटलं, बस बाबा झाडाखाली, उद्या सकाळी ये."

मी पाणी प्यायले. मग फोनवर कॅलेंडर उघडलं आणि मागे गेले. एप्रिल, मार्च, फेब्रुवारी.

९ फेब्रुवारी. गुरुवार.

त्या दिवशी या गेटमधून काहीही आत आलेलं नव्हतं. चार दिवस आम्ही सगळे एका अशा तारखेवर माणूस तोलत होतो, जी या कंपनीत नव्हतीच. चार दिवसांत कोणी वार बघितला नव्हता. मीसुद्धा.

"फेब्रुवारीचं रजिस्टर आहे?"

"हाय की. जातंय कुठं."

पान निघालं. वर छापील साल. रतनच्या ओळी इंग्रजी आकड्यांत, निळ्या शाईत. 30-1. 31-1. मग काळ्या पेनने एकच ओळ, वेगळ्या हाताची. बंगळूर, बुश, खोका एक, नग दोनशे. तारखेचा रकाना:

१-२

"ही तुमची ओळ."

"माझीच. रतन त्या दिशी रजेवर व्हता. का ओ? चुकलंय का काय?"

"नाही," मी म्हणाले. "बरोबर आहे."

१ फेब्रुवारी. बुधवार. एकतीसला बंगळूरहून निघालेली गाडी दुसऱ्या दिवशी आली. काकांनी तीन तारखेला, शुक्रवारी, मोजलं. काहीच अशक्य घडलं नव्हतं.

मग नऊ कुठून आले, तेही समोरच होतं. मी पानाकडे बघत राहिले. गेनबांचा एक नीट गोल डोक्याचा होता, खाली शेपूट. चार ओळी इंग्रजी आकडे वाचत आलेल्या डोळ्यांनी तो वाचला तर तो एक राहत नाही. तो 9 होतो. दोन मात्र दोन्हीकडे दोनच दिसतो.

१-२. 9-2.

कोणीतरी चिठ्ठीवरून कंप्युटरवर चढवताना मराठी एक इंग्रजी नऊ वाचला होता. लबाडी नव्हती. वाचनातली चूक होती.

मी फोनवर कस्टमरने पाठवलेला फोटो उघडला. स्टोअरच्या नोंदीचं पान. त्या रकान्यात जसं टाइप कराल तसं राहतं. वरच्या ओळी: 7-2. 8-2. खालची: 10-2. मधली ओळ आमची.

तिथे 9-2 नव्हतं. तिथे 09-02 होतं.

"ताई," गेनबा म्हणाले, "खुर्चीवर बसा जरा."

५

शुक्रवारी मी साडेसातला पोचले. स्टोअरची फेब्रुवारीची सगळी यादी काढली. स्टोअरचा पासवर्ड एकच आहे आणि भिंतीवर चिकटवलेला आहे, त्यामुळे कोणी काय टाइप केलं ते कंप्युटर सांगत नाही. पण शून्य सांगतं. पुढे शून्य असलेल्या नोंदी एकतीस होत्या. सगळ्या १३ ते १८ फेब्रुवारीच्या दरम्यान चढवलेल्या, साचलेल्या चिठ्ठ्यांच्या गठ्ठ्यातून.

त्या गठ्ठ्यात गेनबांच्या हातच्या आणखी दोन चिठ्ठ्या होत्या, दोन्ही ३ तारखेच्या. त्या बरोबर उतरल्या होत्या. ते आकडे दोन्हीकडे सारखे दिसतात.

या कंपनीत तारखेपुढे शून्य लावणारे दोघंच. त्यातले एक आपली डायरी मराठी आकड्यांत लिहितात. ते १ वाचायला चुकणं शक्य नाही. शिवाय ते स्टोअरमध्ये कधी बसले नाहीत.

दुसरी व्यक्ती १३ ते १८ फेब्रुवारी स्टोअरमध्ये बसली होती. पूर्ण इंग्रजी शाळेत शिकलेली. तिला तो आठवडा आठवत नाही. खुर्ची हिरवी होती, एवढं आठवतं.

मग मी फाईल उघडली. नऊ तारखेत नाही. एक तारखेत. चिठ्ठी तिथे होती. नीट भोक पाडून, तारखेच्या जागी लावलेली. सोमवारी काकांनी ती नऊच्या जागेवरून काढून तिच्या खऱ्या जागी लावली होती. नऊच्या जागी ती मीच लावली असणार.

चिठ्ठी कधी हरवलीच नव्हती. मी चुकीच्या तारखेत शोधत होते.

बारा वाजता जयसिंग सरांच्या टेबलावर मी चार कागद ठेवले. मायक्रोमीटरचं रजिस्टर. दोनशे नगांचा हिशोब. गेटच्या पानाची प्रत. चिठ्ठीची प्रत. ते सगळं वाचायला त्यांना सहा मिनिटं लागली.

"म्हणजे माल एक तारखेला आला," ते म्हणाले.

"हो."

"आणि कोणीतरी एकचे नऊ केले."

"हो."

"मग संपलं. लिहा, टायपिंगची चूक. यादी दुरुस्त केली." त्यांनी ड्रॉवर उघडला.

"सर, फॉर्ममध्ये 'कोणाकडून' असा रकाना आहे."

"रिकामा सोडा."

"भरलाय."

त्यांनी फॉर्म परत ओढला. माझं नाव वाचलं.

"तुम्हाला जुलैमध्ये कायम करायचं आहे. माहिती आहे ना?"

"माहिती आहे."

"कस्टमरकडे नाव जाईल. ते नाव लक्षात ठेवतात."

"सोमवारी दुसरं नाव जाणार होतं."

सर खुर्चीत मागे टेकले. "एम.एस्सी. झालेल्या मुलीला एक वाचता आला नाही. हे मी त्यांना इंग्रजीत कसं सांगू?"

"दोन्ही आकडे शेजारी काढलेत. पान तीन."

त्यांनी पान तीन बघितलं. मोठा १, शेजारी मोठा 9. मग पेन घेतलं आणि फॉर्मच्या तळाशी सही केली. जुलैबद्दल पुढे काही बोलले नाहीत. शिक्का टेबलावरून माझ्याकडे सरकवला.

"द्या त्यांना. आणि गेटवर सांगा, यापुढे आकडे एकाच लिपीत. कोणत्याही."

६

काका तपासणीच्या खोलीत होते. मी शिक्का त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी तो उचलून रबराची बाजू रुमालाने पुसली आणि खिशात ठेवला.

"तुम्हाला सोमवारीच कळलं होतं," मी म्हणाले.

"हं."

"चिठ्ठी तुम्ही हलवलीत."

"हलवली नाही. जागेवर लावली. चुकीच्या तारखेत बघवेना."

"मग सरांना का नाही सांगितलंत? शिक्का गेला होता तुमचा."

त्यांनी चष्मा काढला. "आज चार वाजेपर्यंत बघणार होतो."

"चारनंतर?"

"चारनंतर सांगितलं असतं की. मी काय संत आहे? एकतीस वर्षांचा शिक्का आहे. शेवटच्या पाच महिन्यांत खोटा म्हणवून घेऊन बार्शीला जाऊ?"

"मग चारपर्यंत काय बघणार होता?"

खोलीतला एसी चालू होता. भिंतीवरच्या काट्यावर वीस अंश.

"फेब्रुवारीत तू यायचीस, बसायचीस, जायचीस," ते म्हणाले. "एकदा माझ्यासमोर डबा उघडलास आणि न खाता बंद केलास. तुला काही सांगितलं तर हो म्हणायचीस. ऐकू येत नव्हतं तुला, ऋतुजा. शून्य लाव म्हटलं ते तेवढं ऐकलंस. म्हणून सोमवारी ते शून्य बघितलं आणि म्हटलं, आता ऐकू येतंय का बघू."

मी टेबलावरचा मायक्रोमीटर सरळ करून ठेवला.

"आलं," ते म्हणाले आणि चष्मा लावला. "चल. सील तू फोडलंस, तर नग परत मोजून सील करायला पाहिजे. एक माप पुरे. बाहेरचा व्यास."

हातमोजे दाराजवळच्या डब्यात होते. मी ते घेतले नाहीत, आणि हे माझ्या लक्षात आलं तेव्हा बुश माझ्या बोटांत होता. काकांनी बघितलं, पण टोकलं नाही. मायक्रोमीटर सहामध्ये मी तो धरला आणि रॅचेट फिरवलं. कट्. कट्. कट्.

"वाच."

मी वाचलं. काकांनी डायरीत मराठी आकड्यांत लिहून घेतलं. मी अहवालात इंग्रजीत लिहिलं. मग आम्ही दोन्ही कागद शेजारी ठेवून एकेक आकडा बोटाने जुळवला.

बोटांचे ठसे राहू नयेत म्हणून काकांनी बुश मऊ कापडाने पुसला आणि पिशवीत घातला. सील लावलं. तारीख मी टाकली, 28-04. त्यांनी शिक्का मारला. सतरा.

बुश थंड होता. वीस अंशांना धातू बोटांना थंडच लागतो, याचं कारण मला माहीत आहे. पण मंगळवारी दीड तास तो माझ्या हातात होता आणि तेव्हा तो कसा लागला होता ते मला आठवत नाही.

अहवालात त्यासाठी रकाना नव्हता. मी पेनचं टोपण लावलं आणि काकांना म्हणाले, "डबा आणलाय. खायला येता?"